आजारी माणसाचा दर

नेव्हिल मेचिन अजून जिवंत आहे का, एवढंच विमा कंपनीला विचारायचं होतं. पत्रात ते इतकं उघड लिहिलेलं नव्हतं. 'आमच्या नोंदी अद्ययावत राहाव्यात यासाठी आपल्या सहकार्याची अपेक्षा आहे,' असं मऊ मऊ लिहून खाली फॉर्म जोडला होता. हयातीचा दाखला. नाव, जन्मतारीख, सही. मग एक आडवी रेघ आणि रेघेखाली साक्षीदाराची जागा. साक्षीदार नात्यातला नसावा, पाच वर्षांहून अधिक काळ ओळखणारा असावा, आणि त्याने सदर इसमास प्रत्यक्ष जिवंत पाहिलेले असावे. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी उभ्यानंच हे वाचताना नेव्हिलला आधी हसू आलं. अकरा वर्षांत कंपनीला पहिल्यांदाच शंका आली होती आणि शंका अगदी रास्त होती. त्यांच्या हिशेबानं तो मागेच आटपायला हवा होता. मग त्याची नजर फॉर्मच्या माथ्यावर गेली आणि हसू जिथल्या तिथं विरलं. तिथं जाड अक्षरांत छापलं होतं: 'योजनेचा प्रकार – प्रकृतिअस्वास्थ्यामुळे वाढीव दर. आरंभ – मार्च २००४.' आजवर हे शब्द त्याच्याखेरीज कुणीच वाचले नव्हते. डोरीननंही नाही. तीन वर्षांपूर्वी ती गेली, ती हे न वाचताच गेली. आता हा कागद कुणाच्या तरी हातात द्यायचा, त्यानं तो समोर धरायचा आणि खाली सही करायची. नेव्हिलनं खुर्ची ओढली आणि तो बसला.

कुणाच्या हातात, हा प्रश्न खरं तर नव्हताच. डॉक्टर दर दोन महिन्यांनी बदलायचे. नव्या डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, पण पाच वर्षांपूर्वी त्या शाळेत असतील. चॅपेल विकलं गेलं होतं आणि तिथं गालिच्यांचं दुकान निघालं होतं. बर्स्लेमच्या चिनीमातीच्या भांड्यांच्या कारखान्यात त्याच्याबरोबर चाळीस वर्षं काढलेली माणसं एकेक करून गेली होती, बहुतेक छातीनंच. उरली एक बेरिल. क्लिफ ब्लूरची विधवा, शेजारच्या दारातली, भिंतीला भिंत लागून. शेहेचाळीस वर्षं ओळखणारी. आणि बेरिल शनिवारी कायमची निघाली होती. घर सोडून, वेल्सच्या किनाऱ्यावर बहिणीच्या मागच्या खोलीत राहायला. भाडं आणि गॅसचं बिल यांचा मेळ घालता घालता तिनं नऊ वर्षं काढली होती आणि या हिवाळ्यात हात टेकले होते. ती तसं म्हणाली मात्र नव्हती. ती म्हणाली होती, "समुद्राची हवा बरी असते म्हणतात." आज गुरुवार होता. नेव्हिलला महिनाभर एकच गोष्ट कळत होती: ही बाई इथून निघण्याआधी आपण तिला सांगायला हवं, आणि आपण सांगणार नाही. या पत्रानं त्याला दोन दिवसांची मुदत घालून दिली होती.

सांगायचं काय, तर तसं दोन वाक्यांत संपणारं होतं. कारखाना बंद पडला तेव्हा जन्मभराच्या पगारातून कापलेली पुंजी प्रत्येकाच्या हातात येणार होती. हातात म्हणजे कागदावर. ती विमा कंपनीच्या हवाली करायची, आणि कंपनी मरेपर्यंत दरमहा ठरलेलं वर्षासन देणार. एकदा सही केली की झालं, परत फिरणं नाही. लवकर मेलात तर कंपनीचं फावलं, उशिरा मेलात तर तुमचं. पण जो माणूस लवकर मरणार हे आताच दिसतंय, त्याला त्याच पुंजीवर दर जास्त. का नसावा? थोडेच दिवस तर द्यायचा. नेव्हिलला हे इस्पितळातल्या एका नर्सनं सांगितलं होतं. श्वास मोजायच्या नळीत फुंकून फुंकून तो घामाघूम झाला होता, डॉक्टर 'पाच वर्षं, फार तर' असं बोलून पडद्याआड गेले होते, आणि ती पोरगी नळी पुसता पुसता म्हणाली होती, "पेन्शनवाल्यांना सांगा हं काका हे. जास्त मिळतात. माझ्या वडलांनी सांगितलंच नाही, लाजले." त्यासाठी वेगळा फॉर्म होता, बारा पानांचा, हिरवा, आणि तो आपणहून मागावा लागे. मागितला नाही तर कंपनी देत नसे आणि विचारतही नसे. कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये कंपनीचा माणूस फॉर्म वाटत होता, तेव्हा नेव्हिल रांगेत गप्प राहिला. मग संडासाच्या बोळात त्याला एकटा गाठून, काहीतरी घाणेरडं पुस्तक मागावं तशा आवाजात त्यानं तो हिरवा फॉर्म मागितला आणि घडी करून सदऱ्याच्या आत, पोटाशी ठेवला.

क्लिफची छाती त्याच्याहून वाईट होती. हे त्याला कुणी सांगायला नको होतं. मधली भिंत एका विटेची होती. पहाटे पाचला क्लिफ खोकायला लागायचा, आणि त्याचं संपत आलं की इकडे नेव्हिलचं सुरू व्हायचं. डोरीन म्हणायची, "झाले दोन्ही कोंबडे जागे." बेरिल पलीकडून भिंतीवर दोन थापा मारायची, म्हणजे चहा टाकलाय. दोघं पंधराव्या वर्षी एकाच सोमवारी कामाला लागले होते. कच्च्या कपांच्या कडा घासून गुळगुळीत करायच्या, आणि भट्टीत घालताना बश्यांच्या मध्ये गारगोटीची पूड पसरायची. पांढरी, पिठासारखी मऊ पूड. ती नाकात, केसांत, डब्यातल्या पावावर बसायची. संध्याकाळी दोघं पांढऱ्या भुवया घेऊन घरी यायचे. पुढं पंखे आले, पाण्याचे फवारे आले, भिंतीवर नियमांच्या पाट्या लागल्या, पण तोवर जी पूड छातीत जायची ती गेली होती. याबद्दल कुणी बोलत नसे. जो बोलला त्याला पोरी 'म्हातारा घुंगरू' म्हणत, छातीतल्या आवाजावरून, आणि साहेब त्याला हलक्या कामाला बसवत, म्हणजे हलक्या पगारावर. तेव्हा तब्येत कशी, या प्रश्नाला बर्स्लेममध्ये एकच उत्तर होतं: तक्रार नाही. मरणाच्या आदल्या दिवशीसुद्धा माणसं तक्रार नाही असंच म्हणत. नेव्हिलचे वडील तसंच म्हणून गेले होते, आणि घरच्यांना त्याचा अभिमान होता.

क्लिफनं कुंपणापाशी विचारलं तो दिवस रविवार होता. मार्चचं पहिलं ऊन. क्लिफ कांद्याच्या वाफ्यात वाकला होता आणि वाकल्यावर त्याला उठता येत नव्हतं, म्हणून बूट बांधतोय असं दाखवत होता. नेव्हिलनं ते पाहिलं आणि आपल्या फावड्याकडे बघत राहिला.

"ए मेचिन, तू फॉर्म भरलास काय रे?" क्लिफनं खालूनच विचारलं.

"भरला."

"त्यात ते तब्येतीचं काहीतरी आहे बघ. एक ओळ. 'काही आजार असल्यास वेगळा अर्ज मागावा' असलं काहीतरी. तू काय केलंस?"

"काय करणार? ठणठणीत आहे म्हणून लिहिलं. झालं."

"ठणठणीत!" क्लिफ हसला, आणि हसल्यानं खोकला सुटला. तो ओसरेपर्यंत दोघंही कांद्यांकडे बघत राहिले. मग क्लिफ डोळे पुसत म्हणाला, "च्यायला, तू ठणठणीत तर मग मी कोण, घोडा! बरं झालं विचारलं. बेरिल म्हणत होती, खोकल्याचं लिही. म्हटलं, हे लिहायचं आणि उद्या सगळ्या कारखान्यात बोभाटा."

"सोड रे. बायकांना काय!"

एवढंच. 'सोड रे, बायकांना काय!' हिरवा फॉर्म त्या वेळी भरून, पाकिटात घालून, टपालपेटीत पडलेला होता. त्यात बारा पानांवर नेव्हिलच्या फुप्फुसांची, झोपेची, जिन्याच्या पायऱ्यांची, रोजच्या सिगारेटींची सगळी कुंडली होती. कुणाही जित्या माणसाशी तो आयुष्यात इतकं खरं बोलला नव्हता. आणि तीन हातांवर वाकलेल्या क्लिफला मात्र त्यानं सांगितलं, ठणठणीत.

का सांगितलं, हे नेव्हिलनं अकरा वर्षांत इतक्या वेळा उलगडून पाहिलं होतं की त्याची घडीच्या जागी चाळण झाली होती. लाज वाटली म्हणून. हे पहिलं उत्तर, आणि ते खोटं नव्हतं. पंधराव्या वर्षापासून दोघांची पैज लागायची, कोण मालानं भरलेल्या जास्त फळ्या खांद्यावर घेऊन भट्टीचा जिना चढतो, आणि नेव्हिल बहुतेकदा हरायचा. त्या माणसापुढं 'मी पाच वर्षांत मरणार' हे कसं म्हणायचं? पण या उत्तराशी तो फार वेळ थांबू शकत नसे, कारण त्याच्या खाली दुसरं होतं. लाज वाटली तर आपल्याबद्दल गप्प बसावं. पण क्लिफला 'तू लिही' म्हणायला काय हरकत होती? तिथं तो दर वेळी अडखळे. क्लिफला सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत पबमध्ये सगळ्यांना कळलं असतं, साडेतीनशे माणसांनी हिरवे फॉर्म मागितले असते, आणि कंपनीनं म्हटलं असतं, हे काय, इथं सगळेच मरायला टेकलेत, बंद करा हा दर. असं काही आपल्या मनात आलं होतं का? त्या क्षणी, उन्हात, फावड्यावर हात ठेवून? काही सकाळी त्याला खात्री वाटे की आलं होतं. काही सकाळी वाटे, हे आपण मागाहून रचलंय, स्वतःला आणखी वाईट ठरवण्यासाठी, कारण वाईट ठरण्यातही एक सुख असतं. नक्की काय ते त्याला कळत नसे. नक्की एवढंच होतं की ठणठणीत माणसाला बायकोची तजवीज करायची घाई नसते. क्लिफनं वर्षासन एकट्याच्या नावावर घेतलं. जोडीला बायकोचं नाव घातलं की महिन्याचा आकडा खाली येई, आणि ठणठणीत माणसाला ठणठणीत दरच मिळत होता, त्यात आणखी कशाला कमी करा? नेव्हिलचा दर मात्र इतका चढा होता की डोरीनचं नाव घालूनही भरपूर उरत होतं. त्यानं घातलं. आपल्या मागं डोरीनला निम्मं मिळत राहील, हे त्यानं हिरव्या पानावर लिहिलं आणि तिला सांगितलं नाही. डोरीनच्या पोटात बेरिलपासून काही राहत नसे.

क्लिफ एकोणीस महिन्यांनी गेला. वर्षासन त्याच दिवशी थांबलं. कंपनीनं बेरिलला सहानुभूतीचं पत्र पाठवलं आणि त्या महिन्यात चार दिवसांचे जास्त गेलेले पैसे परत मागितले. आणि नेव्हिल जगत राहिला. पाच वर्षं सरली, सहा, सात. डॉक्टर छातीची चित्रं उजेडाला धरून म्हणत, कमाल आहे. त्यानं सिगारेट सोडली होती, एवढंच. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला आजारी माणसाचा दर त्याच्या खात्यात जमा व्हायचा आणि तो त्यातला क्लिफइतकाच काढायचा. ठणठणीत माणसाइतका. बाकीचा तिथंच. बेरिलच्या समोर तिच्याहून बरं राहायचं नाही, हा त्यानं स्वतःला घालून घेतलेला दंड होता, आणि तो पाळताना त्याला आपण थोडेफार सज्जन आहोत असंही वाटायचं. पडदे बदलायचे नाहीत. कोट तोच. डोरीनला एकदा मदेरा बेटावर जायचं होतं, तिथं म्हणे जानेवारीत फुलं असतात. तिनं माहितीपत्रक आणून टेबलावर ठेवलं होतं. नेव्हिल म्हणाला, "आपल्याला कुठून परवडणार?" ती म्हणाली, "नुसतं बघायला आणलंय रे, बघायला पैसे पडत नाहीत." आणि ते पत्रक कितीतरी दिवस पावाच्या डब्यावर पडून होतं. बेरिल थंडीत दुपारी त्यांच्याकडे येऊन बसायची, म्हणजे दोन घरांत एकच शेगडी जळायची. नेव्हिल शेगडी एका खाचेनं जास्त ठेवायचा आणि मनात म्हणायचा, घे. हे तुझं आहे. घे.

त्यानं फॉर्मला घडी घातली. वरचा तिसरा हिस्सा मागं दुमडला, म्हणजे योजनेचा प्रकार दिसेना. फक्त नाव, रेघ आणि साक्षीदाराची जागा. नखानं घडी दाबून घेतली. आपण हे करतोय हे त्याला दिसत होतं, आणि बोटं आपलं काम करत होती. दोन दारांमधली चार पावलं चालून त्यानं बेरिलचं दार वाजवलं.

"उघडंच आहे, ये," ती आतून म्हणाली. "बुटांसकट ये. गालिचा उचललाय."

खोलीत खोकी होती. बेरिल कोट घालूनच बसली होती, आणि मांडीवर वर्तमानपत्र घेऊन त्यात बश्या गुंडाळत होती. कारखान्यात ती मालाच्या निवडीवर होती. भट्टीतून आलेली प्रत्येक बशी बोटाच्या पेरानं वाजवायची, नाद स्वच्छ आला तर एका बाजूला, बद्द आला तर दुसऱ्या. चाळीस वर्षांत तिच्या हातून तडकलेली बशी पुढं गेली नव्हती, असं मालक स्वतः म्हणायचे. आताही गुंडाळण्याआधी ती प्रत्येक बशी वाजवून बघत होती. सवय.

"चहा नाही देत हं, किटली खोक्यात गेली. ओटची धिरडी आहेत, सकाळची. चीज घालून खा. काय आणलंयस?"

"सही हवी होती. मी जिवंत आहे म्हणून."

"अगोबाई. मग आधी नीट बघू दे." तिनं चष्मा पुसला, त्याला खालीवर पाहिलं. "फार खात्री वाटत नाही. पण चालेल. आण."

त्यानं कागद टेबलावर ठेवला आणि वर पेन ठेवलं. बेरिलनं पेन बाजूला केलं आणि कागद उचलून घडी उलगडली. त्यात संशय नव्हता. अर्धी झाकलेली वस्तू तिला बघवत नसे, इतकंच. तिनं वाचलं. ओठ हलवत, सावकाश. मग पुन्हा वाचलं.

"प्रकृतिअस्वास्थ्यामुळे," ती म्हणाली. "हे काय रे?"

आता काहीतरी बोलून वेळ मारून नेता आली असती. कंपनीची चूक आहे, सगळ्यांच्याच फॉर्मवर असतं. जिभेवर आलं होतं. नेव्हिलनं टोपी काढली आणि उभ्यानंच सांगितलं. नर्स, बोळ, हिरवा फॉर्म, कांद्याचा वाफा. त्याला वाटलं होतं याला फार वेळ लागेल. दोन बश्या गुंडाळायला लागतो तेवढाच लागला. शेवटी तो म्हणाला, "मी त्याला सांगितलं असतं, तर त्यानं तुझं नाव घातलं असतं. तुला घर सोडावं लागलं नसतं."

"तो आला होता घरात," बेरिल म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. "कांदे घेऊन. म्हणाला, मेचिननं लिहिलं नाही, तर मी कशाला लिहू? मी म्हटलं, अरे तो खोटं सांगत असेल. तर मलाच ओरडला. नेव्हिल मला खोटं सांगणार नाही म्हणाला."

नेव्हिलला खाली बसायचं होतं, पण खुर्च्यांवर खोकी होती. कुठंतरी, अकरा वर्षं, त्यानं एक छोटीशी आशा बाजूला ठेवली होती की क्लिफनं तसंही लिहिलं नसतंच. ती आता गेली.

"पैसे आहेत, बेरिल. सगळे आहेत. मी वापरले नाहीत. पहिल्या दिवसापासून वरचे सगळे बाजूला ठेवलेत, हात नाही लावला. तुझ्यासमोर मिरवायला नको म्हणून. तू घे ते. घरमालकाला आज सांगितलं तरी..."

"हात नाही लावला?"

"एका पैशाला नाही." हे म्हणताना त्याच्या आवाजात जरासा ताठा आला, आणि तो त्याचा त्यालाच ऐकू आला.

बेरिलनं हातातली बशी खाली ठेवली. "डोरीनला ठाऊक होतं?"

"नाही."

"तू गेल्यावर तिला मिळणार होतं, हे?"

"निम्मं मिळणार होतं. तिचं नाव घातलं होतं मी." त्याला वाटलं, निदान एवढी एक गोष्ट तरी आपण नीट केली. "तिला काही कमी पडलं नसतं."

"आणि तिला सांगितलं नाहीस."

"तुला कळलं असतं."

बेरिल उठली, गुडघ्यावर हात ठेवून, आणि जिन्याखालच्या कपाटातून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेऊन आली. तो खोक्यात भरलेला नव्हता. वेगळा ठेवला होता. तिनं तो टेबलावर ठेवला आणि झाकण काढलं. आत नोटा होत्या, दहाच्या, वीसच्या, रबरबँड लावून, आणि एका चिठ्ठीवर डोरीनच्या अक्षरात लिहिलं होतं: 'नेव्हिलच्या शेवटच्या खर्चाला. उरलं तर मला.'

"रोज सकाळी कुठं जायची ती?" बेरिलनं विचारलं.

"मिसेस वेनकडे. म्हातारीजवळ बसायला. चॅपेलच्या बायका पाळीपाळीनं..."

"मिसेस वेन दोन हजार पाचातच गेली. डोरीन शाळेत जायची, फरशा पुसायला. सहा ते नऊ. सात वर्षं. हृदयाचं दुखणं निघालं तरी जायची, शेवटच्या हिवाळ्यापर्यंत."

नेव्हिलला तिचे हात आठवले. जेवताना काटा धरलेले, सांध्यांवर चिरा पडलेले, आणि त्यांना येणारा तो जळजळीत वास, जंतुनाशकाचा. रोज समोर होते. त्यानं पाहिले होते. एकदा विचारावंसंही वाटलं होतं. मग वाटलं, सांगायचं असेल तर सांगेल. आणि त्यानं बटाटे पुढं ओढले होते.

"डॉक्टरांनी तुला पाच वर्षं दिलीत हे तिला ठाऊक होतं," बेरिल म्हणाली. "आणि माझं काय झालं ते तर ती रोज बघत होती, भिंतीपलीकडं. क्लिफ गेला, दुसऱ्या दिवशी पैसे बंद. तिला वाटायचं, आता आपली पाळी. माझ्यापाशी येऊन बसायची ना दुपारची, तू बागेत असलास की? विचारायची. बेरिल, एकच खोली कशी गरम ठेवतेस? बेरिल, कसायाकडचं काय सगळ्यात स्वस्त पडतं? बेरिल, रात्री एकटीला भीती वाटली तर काय करतेस? मी सांगायची. मी तिला विधवा व्हायला शिकवलं, नेव्हिल. सात वर्षं. आणि तिला त्याची गरजच नव्हती."

"मला सांगितलं असतंन् तिनं..."

"काय सांगणार? तू मरशील म्हणून साठवतेय? म्हणायची, त्याला कळू देऊ नकोस गं, त्याला वाटेल मी वाट बघतेय. गेली तेव्हा डबा माझ्यापाशी होता. त्याच्यासाठी आहे म्हणाली होती, तो जाईपर्यंत ठेव. ठेवला."

नेव्हिलनं खोलीकडे पाहिलं. विझलेली शेगडी. अंगातला कोट. तीन हिवाळे हा डबा या घरात होता.

"तू यातलं..." तो म्हणाला.

"माझं नव्हतं," बेरिल म्हणाली.

तो रडत होता. तोंड उघडं ठेवून, आवाज न करता, टोपी हातात चुरगाळत. इतकी वर्षं तो एकाच गुन्ह्याची उजळणी करत बसला होता, आणि दुसरा रोज समोर बसून जेवत होता. क्लिफसाठी म्हणून, बेरिलसाठी म्हणून, असं म्हणत म्हणत त्यानं दंड भरला होता, आणि तो सगळा डोरीनच्या खिशातून. बेरिलनं त्याला रडू दिलं. जवळ आली नाही. मग तिनं एक खोकं खाली ठेवून खुर्ची मोकळी केली आणि त्याच्याकडे सरकवली.

"ते सगळं तू घे," बसता बसता तो म्हणाला. "बँकेतलंसुद्धा. मला काय करायचंय? निदान घर तरी सोडू नकोस. क्लिफचंच आहे समज."

"क्लिफचं असतं तर घेतलं असतं," ती म्हणाली. "मी काही तालेवार नाही. मागून घेतलं असतं, भांडून घेतलं असतं. पण हे त्याचं नाही रे. हे डोरीनचं आहे. तिच्या फरशांचं, तिच्या त्या मदेराचं. त्यावर मी शेगडी पेटवून बसू?"

तिनं फॉर्म पुढं ओढला. नाव लिहिलं, पत्ता लिहिला, तो खोडला, आणि बहिणीचा लिहिला. 'सदर इसमास प्रत्यक्ष जिवंत पाहिले आहे', तिथं खूण केली. सही केली, तारीख घातली. सगळं निवडीच्या वहीत लिहायची तशा सरळ, टोकदार अक्षरात. मग डब्याचं झाकण लावून डबा आणि कागद दोन्ही त्याच्या हातात दिले आणि त्याला दारापर्यंत पोचवायला आली. पायरीवर नेव्हिल थांबला. काहीतरी म्हणायला हवं होतं, पण इतकी वर्षं न म्हणून म्हणून ते कसं म्हणतात हेच तो विसरला होता.

"शनिवारी नऊला गाडी येणार आहे," बेरिल म्हणाली. "तू बाहेर येऊ नकोस."

"बेरिल..."

"येऊ नकोस म्हटलं ना! सकाळची फार थंडी असते. तुझ्या छातीला बरी नाही."

आणि तिनं दार लावून घेतलं.